चकाकीच्या आधी

पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावण्याआधी काय करतात, हे चिखली तालुक्यातल्या उंद्रीच्या कोणत्याही मुलाला विचारा. उत्तर लगेच मिळेल. आधी बैल ओढ्यावर नेऊन धुतात. मग शिंगे साळतात, त्यांच्यावरची खरखर काढतात. शिंग हाताला गुळगुळीत लागले की मगच हिंगूळ, त्यावर बेगड. मळक्या शिंगावर रंग चढवणाऱ्या पोराला घरातली म्हातारी माणसे हसतात.

हेच शहाणपण मोटारीच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. खामगाव–चिखली रस्त्यावरच्या या गावात एका गुरुजींनी मागे जुनी, गडद निळ्या रंगाची मोटार घेतली. खांडेनवमीच्या पूजेआधी ती चकचकीत व्हावी म्हणून एका ठिकाणी नेऊन तिला यंत्राने पॉलिश करून घेतले. गाडी वरवर पुसली आणि लगेच यंत्र फिरवले, एवढेच काम झाले. संध्याकाळी दिव्याखाली गाडी आरशासारखी दिसली. गुरुजी खूश झाले. महिनाभरात दोनदा गाडी धुतली गेली, आणि एका सकाळी कोवळ्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी हजारो बारीक वर्तुळे चमकताना दिसली. पैसे गेले ते गेलेच, पण आधी नव्हते ते ओरखडे पदरात पडले.

हे कसे झाले? या साध्या प्रश्नाच्या मागे प्रकाश, माती, पाणी आणि साबण यांचे बरेच विज्ञान दडलेले आहे. त्यातले बहुतेक शाळेच्या अभ्यासक्रमातलेच आहे.

ती वर्तुळे खरी असतात का?

घरातले जुने, पुष्कळ वर्षे घासलेले स्टीलचे सपाट ताट घ्या. खोलीत थोडा अंधार करून त्यावर विजेरीचा प्रकाश पाडा. विजेरीच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चमकदार रेघांची वर्तुळे दिसतील. आता ताट तसेच ठेवून विजेरी हळूहळू बाजूला सरकवा. वर्तुळांचा मध्यही तिच्याबरोबर सरकेल! ओरखडे तर ताटावर कोरलेले आहेत, ते जागचे हलणार नाहीत. मग सरकले काय?

खरी गोष्ट अशी, की ताटावर सर्व दिशांना जाणारे असंख्य सरळ ओरखडे आहेत. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक लांबट चर. चराच्या उतरत्या भिंतींवरून प्रकाश मुख्यतः ओरखड्याच्या आडव्या दिशेने फाकतो. त्यामुळे प्रतिबिंबाच्या आसपासचे जे ओरखडे प्रतिबिंबाकडे आडवे आहेत, तेवढेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश पाठवतात. बाकीचे तिथेच असतात, पण दिसत नाहीत. निवडून दिसणारे हे आडवे तुकडे डोळा एकमेकांना जोडतो आणि आपल्याला वर्तुळ दिसते.

गुरुजींच्या बॉनेटवर हेच घडले होते. रंग गडद असल्याने ते अधिक उठून दिसले. पांढऱ्या गाडीवरही तितकेच ओरखडे असू शकतात, परंतु पांढरा पृष्ठभाग स्वतःच भरपूर प्रकाश विखुरतो, त्यात ओरखड्याचा प्रकाश हरवून जातो. पांढरा सदरा आणि निळा सदरा यांवर पडलेल्या खडूच्या भुकटीत जो फरक दिसतो, तोच हा फरक.

मग पहिल्या संध्याकाळी ती वर्तुळे का दिसली नाहीत? पॉलिशमध्ये तेलकट द्रव्ये असतात. ती ओरखड्यांच्या चरांत भरून बसतात आणि पृष्ठभाग तात्पुरता सपाट होतो. दोन धुण्यांत तेल निघून गेले, चर उघडे पडले.

वहीच्या पानाहून पातळ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींना तेलरंग आणि व्हार्निशचे अनेक हात देत. ते वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. १९२०च्या दशकात अमेरिकेत ड्युपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा लवकर वाळणारा रंग बाजारात आणला. त्याचे नाव ‘ड्युको’. आपल्याकडचे रंगारी फवाऱ्याच्या रंगाला अजून ‘डुको’ म्हणतात, ते यावरूनच.

आजच्या मोटारीवर साधारणतः चार थर असतात. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप. आपण ज्याला ‘चकाकी’ म्हणतो ती या वरच्या लेपाची. त्याची जाडी सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन असते. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

हा आकडा मुलांना कसा समजावावा? वहीची १०० पाने घट्ट दाबून पट्टीने जाडी मोजायला सांगा. ८-९ मिलिमीटर भरेल. म्हणजे एक पान ८०-९० मायक्रॉन. गाडीची सगळी चकाकी वहीच्या एका पानाच्या निम्म्या जाडीत सामावलेली आहे!

पॉलिश करणे म्हणजे काहीतरी ‘लावणे’ असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते ‘काढणे’ आहे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा लेप झिजवला, की ओरखडा नाहीसा होतो. एका पॉलिशमध्ये काही मायक्रॉन लेप जातो आणि तो परत येत नाही. शिवाय या लेपात उन्हातील अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात. लेप फार पातळ झाला, तर खालचा रंग उघडा पडल्यासारखा होतो आणि काही वर्षांत पापुद्रे सुटू लागतात. म्हणून लेप ही मर्यादित शिल्लक आहे. ती जपून खर्च करायची, तर जो ओरखडा टाळता येईल तो आधीच टाळला पाहिजे. पूर्वतयारीचे सगळे महत्त्व यात आहे.

धूळ म्हणजे नेमके काय?

बुलढाणा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. लोणारचे विवर याच बेसॉल्टमध्ये आहे. हा खडक झिजून आपली काळी माती झाली. ही माती प्रामुख्याने माँटमोरिलोनाइट या अतिशय बारीक व मऊ खनिजाची असते. ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, ती यामुळेच.

१८१२ मध्ये फ्रीडरिश मोस यांनी खनिजांच्या कठीणपणाचा १ ते १० असा क्रम लावला. जे खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढते ते अधिक कठीण, एवढाच त्याचा नियम. या क्रमात मातीची खनिजे १ ते २ वर येतात. आपले नख सुमारे २.५, काच सुमारे ५.५. परंतु रस्त्यावरची धूळ नुसती माती नसते. तिच्यात खडीची कच असते. तिच्यातील फेल्डस्पार ६ च्या आसपास, ऑजाइट त्याच्या जरा खाली. आणि काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोटीचे कण ७. मोटारीचा लेप म्हणजे शेवटी एक प्रकारचे प्लॅस्टिक. या कणांपुढे त्याचा निभाव लागत नाही.

रंग-उद्योगात लेपाचा कठीणपणा चक्क पेन्सिलींनी तपासतात. ६बीपासून ६एचपर्यंतच्या पेन्सिली ओळीने लेपावर ओढायच्या आणि कोणती पहिल्यांदा ओरखडा काढते ते पाहायचे. चित्रकलेच्या गुरुजींकडून पेन्सिली मागून घ्या आणि एखाद्या टाकाऊ रंगीत डब्यावर हा प्रयोग करा. गाडीवर मात्र नको!

आता लक्षात येईल, की सकाळी सकाळी कोरडे फडके घेऊन गाडी झटकणे हा सर्वांत घातक उपाय आहे. फडके मऊ असते, पण ते खाली गारगोटीचे कण दाबून धरते आणि ओढते. सुताराचा पॉलिश कागद याहून वेगळा काय असतो?

तीन बादल्यांचा हिशेब

‘भरपूर पाणी मारा’ हा सल्ला पुस्तकात ठीक आहे. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे तो देताना जीभ अडखळते. रबरी नळी सोडली तर मिनिटाला १०-१५ लिटर पाणी सहज जाते. कमी पाण्यात हे काम करायचे असेल, तर पाणी नेमके काय काम करते ते समजून घ्यावे लागेल.

पाण्यात पडलेला बारीक कण थोड्याच वेळात एका स्थिर वेगाने बुडू लागतो. १८५१ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी दाखवले, की हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे १०० मायक्रॉनचा वाळूचा कण सेकंदाला सुमारे ८-९ मिलिमीटर बुडतो. ३० सेंटिमीटर खोल बादलीत तो अर्ध्या-पाऊण मिनिटात तळाला जातो. मातीचा २ मायक्रॉनचा कण व्यासाने ५० पट लहान. त्याचा वेग ५० × ५०, म्हणजे २५०० पट कमी. त्याला तेच अंतर काटायला जवळजवळ अख्खा दिवस लागेल.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. ओरखडे काढणारे मोठे, कठीण कण पटकन खाली बसतात. पाणी गढूळ ठेवणारे बारीक कण मऊ असतात आणि त्यांच्यापासून फारसे भय नसते. म्हणजे गढूळ दिसणारे पाणी वाईटच, असे नाही. बादलीच्या तळाशी हात घालून गाळ ढवळला नाही, म्हणजे झाले!

१५ लिटरच्या तीन बादल्या घ्या. गाडी सावलीत उभी करा, पत्रा हाताला गार लागू द्या. पहिल्या बादलीतील पाणी तांब्याने वरून खाली हळूहळू ओता. फडके अजिबात लावू नका. चिकटलेली माती भिजायला पाच मिनिटे द्या आणि पुन्हा ओता. सैल धुळीतील बरीच वाळू एवढ्यानेच वाहून जाते. दुसऱ्या बादलीत साबणाचे पाणी करा आणि तिसऱ्या बादलीतील थोडे स्वच्छ पाणी शेवटच्या धुण्यासाठी बाजूला काढून ठेवा. फडके साबणाच्या पाण्यात भिजवून एक भाग पुसायचा, तिसऱ्या बादलीत वरच्यावर खळबळून पिळायचा, मग पुन्हा साबणात. काढलेली वाळू तिसऱ्या बादलीच्या तळाशी जाते, साबणाचे पाणी बरेचसे स्वच्छ राहते.

टपापासून सुरुवात करून खाली यावे, कारण चाकांजवळच्या भागात सर्वांत जास्त कच असते. चाके सर्वांत शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. फडके गोल न फिरवता सरळ रेषेत ओढावे. त्याचे कारण ताटाच्या प्रयोगात आहे. चुकून ओरखडे पडलेच, तर एका दिशेचे ओरखडे एकाच बाजूने चमकतात. गोल फिरवलेले फडके सर्व दिशांना ओरखडे पाडते, मग कुठूनही पाहा, काही ना काही चमकतेच.

साबण कोणता, पाणी कसले?

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. तेलाकडचे टोक मळात घुसते, पाण्याकडचे टोक त्या मळाला पाण्यात ओढते. शिवाय साबणाचे पाणी बुळबुळीत असल्याने फडके व लेप यांच्यातील घर्षण कमी होते. आपल्या कामात हा दुसरा गुणही तितकाच मोलाचा आहे.

साधा साबण दुष्फेन पाण्यात फेस देत नाही, हे आपण शिकवतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात. जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा आहे. इतरत्रही विंधन विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. अशा पाण्यात साबणाऐवजी द्रवरूप डिटर्जंट वापरावा. कपड्यांची पावडर मात्र टाळावी. तिच्यात धुण्याचा सोडा असल्याने तिचा सामू बराच वर असतो, आणि न विरघळलेले खडे असतील तर तेही घासले जातात.

भांड्यांचा द्रव साबण जुने मेणही काढून टाकतो. म्हणून रोजच्या धुण्याला तो बरा नव्हे. परंतु पॉलिशच्या आधी तेच हवे असते. मेण व तेल निघाल्याखेरीज खरे ओरखडे दिसणार नाहीत. जे दिसत नाही ते दुरुस्त कसे करणार?

धुतलेली गाडी वाऱ्यावर वाळू देऊ नये. जड पाण्याचा थेंब वाळला, की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. चहाच्या भांड्याला धरणारी पांढरी पुटे आणि गाडीवरचे पांढरे ठिपके यांची जात एकच. मऊ, स्वच्छ, ओलसर फडके पसरून ओढावे व पाणी टिपून घ्यावे. जुने ठिपके असतील तर पाणी घालून सौम्य केलेला व्हिनेगर थोडा वेळ लावून लगेच धुवावा. आम्ल आणि कार्बोनेट यांची ही अभिक्रिया प्रयोगशाळेत आपण अनेकदा केलेली असते.

धुऊनही न निघणारे

गाडी धुऊन कोरडी झाली, की हातावर पातळ पॉलिथीनची पिशवी चढवून बोटे बॉनेटवरून अलगद फिरवा. नुसत्या हाताला जो पृष्ठभाग गुळगुळीत लागला होता, तो आता खरखरीत लागेल. पिशवीमुळे त्वचेचे घर्षण कमी होते आणि बारीक उंचवटे वेगळे जाणवतात. हे उंचवटे म्हणजे लेपाला घट्ट चिकटलेले, धुण्याने न निघालेले कण.

ते निरनिराळ्या जातींचे असतात. रस्त्याच्या कामावरून उडालेले डांबर हा एक प्रकार. ते पाण्यात विरघळत नाही, रॉकेलमध्ये विरघळते. ‘समान समानात विरघळते’ हा नियम येथे कामी येतो. फडक्याला थोडेसे रॉकेल लावून डाग मऊ करावा, पुसावा, आणि तेवढा भाग साबणाने धुवावा. जवळपास विडी-काडी नको, हे सांगायला नकोच.

पक्ष्यांची विष्ठा हा दुसरा प्रकार. तिच्यातील यूरिक आम्ल आणि उन्हाने मऊ झालेला लेप यांची गाठ पडली, की डाग कायमचा उमटतो. ती खरवडू नये. ओले फडके दहा मिनिटे वर ठेवून भिजवावी आणि उचलून घ्यावी.

तिसरा प्रकार लोखंडाचा. ब्रेक लावताना घासून निघालेले तप्त कण लेपात रुततात व तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात ते हेच. त्यांच्यासाठी थायोग्लायकोलेट असलेला द्रव मिळतो. लोखंडाशी संयोग झाला की तो जांभळा होतो. रंग बदलला म्हणजे तिथे लोह होते, अशी ही चाचणी आणि सफाई एकदमच होते.

एवढ्यानेही जे उरेल, त्यासाठी ‘क्ले बार’ नावाची मळलेल्या कणकेसारखी वडी वापरतात. साबणाचे पाणी शिंपडून ती पृष्ठभागावर दाब न देता सरकवायची. वर आलेले कण वडीत रुतून उखडले जातात. वडी वरचेवर मळून स्वच्छ बाजू वर आणावी. जमिनीवर पडली तर ती टाकूनच द्यावी, कारण आता तिच्यात गारगोटी आहे!

आणि मग पॉलिश

आता गुरुजींच्या गाडीचे कोडे सुटते. पॉलिशमध्येही कठीण कणच असतात, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. त्यांचा कठीणपणा ९, गारगोटीपेक्षाही जास्त! मग ते ओरखडे का पाडत नाहीत? पाडतात, पण अतिशय बारीक. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. चराची खोली याहून बरीच कमी असली, की प्रकाशाच्या दृष्टीने पृष्ठभाग सपाटच असतो. चांगल्या शेवटच्या पॉलिशचे चर या मर्यादेखाली जातात. परंतु न धुतलेल्या गाडीवरचा १०० मायक्रॉनचा एक कण फिरत्या गादीखाली सापडला, तर तो मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेत लेप कोरत सुटतो. गुरुजींच्या गाडीवर असे किती कण होते, कोण जाणे!

रबराच्या पट्ट्या व प्लॅस्टिकच्या कडा चिकटपट्टीने झाकाव्यात. कडेला व कोपऱ्यांवर लेप सर्वांत लवकर झिजतो, तिथे यंत्र नेऊ नये. आधी वीतभर चौकोनात सर्वांत सौम्य पॉलिश लावून पाहावे. तेवढ्याने काम होत असेल तर अधिक कडक पॉलिश कशाला? आणि ज्या ओरखड्यात नख अडकते, तो खोल आहे. तो पुसण्याच्या नादात आजूबाजूचा सगळा लेप खर्च होईल. तो तसाच राहू द्यावा.

गुरुजींनी पुढच्या खेपेला हे सगळे क्रमाने केले. बॉनेटचा निम्मा भाग मुद्दाम तसाच ठेवला आणि मुलांना उन्हात उभे करून दोन्ही बाजू दाखवल्या. उजवीकडची वर्तुळे जवळजवळ गेली होती. दोन-तीन खोल ओरखडे राहिले आहेत, ते गुरुजींनी ठेवलेच. वरचे पाणी शाळेच्या लिंबाला गेले.

तिसऱ्या बादलीचा तळ एका काचेच्या बाटलीत भरून त्यांनी वर्गाच्या खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तिच्यात थर दिसू लागले होते. वर काळसर माती, मध्ये मऊसर गाळ आणि अगदी खाली चिमूटभर चमकणारी कच. एका मुलाने ती कच बोटावर घेऊन फुटक्या काचेच्या तुकड्यावर घासली. काचेवर ओरखडा उठला. गुरुजींना वेगळे काही सांगावे लागले नाही.